बुधवाऱ्याचे कप्तानसाब

कप्तानसाबांचं भारताकडून खेळायचं राहून गेलं, त्याला कारणं तीन: गुडघा, इंदूर आणि मामा. तिन्ही कारणं खरी आहेत, पण तिन्ही एका वेळी खरी नसतात. पावसाळ्यात गुडघा पुढे येतो. रणजीचा मोसम सुरू झाला की इंदूर. आणि लग्नसराईत, घरी चार पाहुणे जमले आणि त्यात आजोळचं कोणी नसलं, की मामा. गुडघा डावा की उजवा, यावर बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात अजून एकमत झालेलं नाही. दोन्ही पायांनी लंगडताना त्यांना लोकांनी पाहिलं आहे. अर्थात एका वेळी एकाच, कारण माणूस शिस्तीचा.

इंदूरची तक्रार जुनी आहे. बुऱ्हाणपूरच्या पोराला क्रिकेटमध्ये पुढे जायचं तर इंदूर संभागाच्या ट्रायलला जावं लागतं. पहाटेची बस धरायची, असीरगड मागे टाकायचा, बडवाहला चहा प्यायचा, भेरूघाट चढायचा आणि पावणेदोनशेच्या वर किलोमीटर हाडं खिळखिळी करून घेतल्यावर नेटमध्ये दोन मिनिटं उभं राहायचं. "दोन मिनटं! भो, दोन मिनटात आमच्या लूमवर तुटलेला धागा जोडून होत नाही, आणि यायले माणूस पारखता येते?" शिवाय दुसरं दुखणं हद्दीचं. इंदूरला गेलं की म्हणतात हा खानदेशी; इच्छापूरची हद्द ओलांडून जळगावला गेलं की म्हणतात एमपीवाला. "मंग आम्ही खेळायचं कुठं? तापीच्या पात्रात?"

राहिला मामा. ट्रायलच्या नेमक्या दिवशी मामानं मुलगी पाहायचा कार्यक्रम ठेवला. मुलगी पसंत पडली. त्याच आजच्या काकू. त्यामुळे मामाची गोष्ट काकू घरात नसतानाच सांगितली जाते, आणि काकूंना ती तोंडपाठ आहे.

आपल्या गावाचं नशीबच असं, हेही ते पटवून देतात. मुमताज महल वारली ती इथं बुऱ्हाणपुरात, 1631 साली. पहिलं दफन झालं ते तापीपलीकडे झैनाबादच्या आहूखान्यात. आणि ताजमहाल कुठं, तर आग्र्याला. इतिहासकार याची काय कारणं देतात ती देवोत. कप्तानसाबांच्या मते ही सरळसरळ सिलेक्शन कमिटीची गडबड. "कॅम्प आपल्याकडे झाला आन् फायनल आग्र्याले खेळवली." बाहेरगावचा पाहुणा हे ऐकून हसतो. बुधवाऱ्यातला माणूस हसत नाही, मान हलवतो.

आता हे सांगून टाकायला हवं, की कप्तानसाब म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत. ही जात आहे. इतवाऱ्यात ती कबड्डीची असते, शनवाऱ्यात आखाड्यातली, लालबागेकडे फुटबॉलची. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर तिचा एक नमुना सापडतो. आमच्या वाट्याला क्रिकेटचा आला, एवढंच. तपशील इकडचे तिकडे होतात. गुडघा मात्र सगळ्यांचा असतो.

कप्तानी कशाची, हे विचारायचं नसतं. एका टेनिस बॉलच्या स्पर्धेत खरा कप्तान चुलत बहिणीच्या हळदीला गेला होता, म्हणून नाणेफेकीला यांना पाठवलं. नाणेफेक हरले, सामना हरले, पदवी मात्र जिंकून आले. तेव्हापासून घरच्या लाइटबिलावरचं नाव सोडलं तर सगळीकडे कप्तानसाब.

उपजीविका दुकानावर. पाटीवर बॅट, रॅकेट, फुटबॉल असं सगळं रंगवलेलं असलं, तरी दुकान चालतं ते शाळेच्या गणवेशांवर, मोज्यांवर, पीटीच्या पांढऱ्या बुटांवर आणि ट्रॉफ्यांवर. ट्रॉफी हा विषय त्यांच्याकडून समजून घ्यावा. विजेत्याच्या ट्रॉफीपेक्षा उपविजेत्याची दोन इंच बुटकी असावी लागते, नाहीतर बक्षीस समारंभात भांडण होतं. पट्टीवर विजेत्याचं नाव लहान आणि 'सौजन्य'वाल्याचं मोठं. 'मॅन ऑफ द सिरीज' लिहिलेल्या दोन-चार पट्ट्या तयारच ठेवायच्या, कारण ऐनवेळी नगरसेवकाच्या भाच्याला काहीतरी द्यावं लागतं. इतकी वर्षं कप्तानसाब दुसऱ्यांच्या विजयावर पट्ट्या चिकटवत आले आहेत आणि एकही पट्टी वाकडी लागलेली नाही.

गल्ल्याच्या मागे, गणपती आणि लक्ष्मीच्या मधोमध, त्यांचं प्रमाणपत्र टांगलेलं आहे. काच आहे, चौकट आहे, शुक्रवारी हारही असतो. 'संभागीय संघ' हे शब्द लांबून वाचता येतात. त्यापुढचा 'राखीव' हा शब्द वाचता येत नाही, कारण उदबत्तीचं घर नेमकं त्याच कोपऱ्याखाली आहे आणि वर्षानुवर्षांच्या धुरानं तेवढीच काच काळी झाली आहे. काकू दिवाळीला सगळी काच पुसतात. तो कोपरा सोडून.

पण बॅटला ग्रिप चढवताना त्यांना पाहावं. जुनी ग्रिप ब्लेडनं चिरून काढायची, दांड्याच्या दोऱ्यावरून अंगठा फिरवून कुठं सैल आहे का बघायचं, सैल असेल तिथं पुन्हा दोरा आवळायचा. मग लाकडी कोनावर पावडर मारून नवी ग्रिप खालपर्यंत ओढायची, कोन दांड्याच्या टोकावर टेकवायचा आणि दोन्ही तळहातांनी रबर एका झटक्यात उतरवायचं. मग ते पीळ सारखे करत बसतात. मधल्या बोटाच्या पेरानं एकेक वळ मोजल्यासारखा. तेवढी पाच मिनिटं गुडघा, इंदूर, मामा, काहीही नसतं. गिऱ्हाईकानं बोलायचा प्रयत्न केला तर नुसती भुवई वर जाते. नवी बॅट असेल तर तिला अळशीचं तेल पाजायचं, आडवी ठेवायची, दुसऱ्या दिवशी लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकायचं. कडांवर तिरकं, मधोमध सरळ. हे काम ते पोरांना देत नाहीत. पोरं घाई करतात आणि बॅट पहिल्याच सीझन बॉलला उलते.

बाकी वेळ तत्त्वज्ञानाचा. खेळ माणसाला जगायला शिकवतो, हे त्यांचं ब्रीद आणि ते क्रिकेटच्या परिभाषेतच शिकवतात. शेजारच्या घरात सासूसुनेचं वाजलं, तर ओट्यावरून यांचा सल्ला: "सूनबाई, ऑफ स्टंपच्या बाहेरचा आहे, सोडून दे." सासूबाईंनी पुढं येऊन विचारलं, "बाहेरचा कोणाले म्हणतो रे?" त्यानंतर दोन महिने त्या घरातून गणवेशाचं गिऱ्हाईक आलं नाही. एका आजारी म्हाताऱ्याला दवाखान्यात भेटायला गेले आणि "शेवटचा बॉल पडेपर्यंत मॅच संपत नाही, आबा" म्हणाले. नातेवाइकांनी त्यांना बाहेर नेलं. आबा मात्र बरे होऊन आले, आणि आता कप्तानसाब डॉक्टरच्या बरोबरीनं श्रेय घेतात.

उदाहरणांचा साठा अफाट आहे, आणि सगळी उदाहरणं खरी आहेत. गोम त्यांच्या लावण्यात असते. रजत पाटीदारचंच घ्या. इंदूरचा मुलगा. 2022 च्या फेब्रुवारीतल्या आयपीएल लिलावात त्याला कोणी घेतलं नाही. मग बंगळूरच्या संघातला एक खेळाडू जायबंदी झाला आणि पाटीदारला फोन आला. मे महिन्यात ठरलेलं लग्न त्यानं पुढे ढकललं आणि 25 मे रोजी ईडन गार्डन्सवर लखनौविरुद्ध 54 चेंडूंत नाबाद 112 ठोकल्या. तीन वर्षांनी, 3 जून 2025 ला, त्याच्याच कप्तानीत बंगळूरनं पहिली आयपीएल जिंकली. यातून कोणी धीर शिकेल, कोणी संधीची वाट पाहणं शिकेल. कप्तानसाब हे सगळं सांगून झाल्यावर आतल्या दाराकडे बघून एकच वाक्य मोठ्यानं म्हणतात: "त्यानं लग्न पुढं ढकललं!" आतून भांड्याचा आवाज येतो. पाटीदारच्या त्या खेळीनंतर बुधवाऱ्यातल्या दोन-तीन पोरांनी आपापल्या बापांना लग्न पुढे ढकलायला सांगितलं होतं. त्यातल्या एकाकडेही बॅट नव्हती.

गोयल-शिवलकर ही त्यांची दुसरी लाडकी जोडी. राजिंदर गोयल यांचे प्रथम श्रेणीत 750 बळी, आमच्या मुंबईच्या पद्माकर शिवलकरांचे 589. कसोटी सामने, दोघांचे मिळून, शून्य. कारण त्या काळात डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदीनं धरली होती. "यायच्या वाटेत बेदी आला," कप्तानसाब म्हणतात, आणि सुस्कारा सोडून, "माझ्या वाटेत मामा." भाऊसाहेब निंबाळकर तर त्यांना घरातलेच वाटतात, कारण ते होळकरांच्या संघाकडूनही खेळले. 1948 च्या डिसेंबरात पुण्याला महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद 443. ब्रॅडमनच्या 452 ला नऊ धावा कमी, आणि समोरचा संघ मैदान सोडून चालता झाला. हा माणूसही कसोटी खेळला नाही. ही गोष्ट सांगताना कप्तानसाबांचा आवाज खरोखर चढतो. 443 करूनही जर निवड होत नाही, तर मी 14 केल्या त्यात माझं काय चुकलं, असा तो युक्तिवाद. त्याला आजवर कोणाला उत्तर देता आलेलं नाही.

अमोल मुजुमदारवर मात्र ते फार बोलत नाहीत. बोलले तर बसून बोलतात. 1988 साली हॅरिस शील्डमध्ये तेंडुलकर आणि कांबळी 664 धावांची भागी रचत होते, तेव्हा पॅड बांधून पुढच्या क्रमांकाची वाट बघत बसलेला मुलगा म्हणजे मुजुमदार. पुढे मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात 260. तो पदार्पणाचा विक्रम 2018 साली मोडला तोही आपल्या मध्य प्रदेशच्या अजय रोहेरानं, इंदुरात नाबाद 267 करून. मुजुमदारच्या प्रथम श्रेणीत 11,000 च्या वर धावा झाल्या, पण भारताची टोपी डोक्यावर आली नाही. मग 2022 च्या जूनमध्ये बंगळूरला रणजीचा अंतिम सामना: मुंबईचा प्रशिक्षक मुजुमदार, मध्य प्रदेशचा चंद्रकांत पंडित. दोघंही आचरेकर सरांचे चेले. पंडितांनी 1999 साली याच चिन्नास्वामीवर मध्य प्रदेशचे कप्तान म्हणून अंतिम सामना गमावला होता. तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर त्यांनी मध्य प्रदेशाला पहिली रणजी जिंकून दिली. त्या दिवशी बुधवाऱ्यात फटाके उडाले, आणि मावा जिलेबी कप्तानसाबांच्या खर्चानं वाटली गेली. खेळाडूनं गोड खाऊ नये हा त्यांचा नियम आहे. जिलेबी त्यात धरत नाहीत, कारण ती आपल्या गावची. मुजुमदार त्या दिवशी हरला. आणि 2 नोव्हेंबर 2025 ला त्याच्याच हाताखाली भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला. ते दृश्य टीव्हीवर चाललं असताना कप्तानसाबांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं. विचारलं तर म्हणाले, ऊन येत होतं. रात्रीचे बारा वाजून गेले होते.

एक आदर त्यांच्याकडून सगळ्या गावानं शिकण्यासारखा आहे: ते टीसीला घाबरत नाहीत, त्याला मान देतात. धोनी 2001 ते 2003 खरगपूरला टीसी होता. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, 2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक घेणारा, तोही तेव्हा मध्य रेल्वेत टीसीच होता. तेव्हा काळा कोट दिसला की आत ऑलिंपिक असू शकतं, हा त्यांचा हिशेब. बुऱ्हाणपूर स्टेशनवर एकदा टीसीनं "तिकीट?" म्हणून हात पुढे केला. कप्तानसाबांनी तो हातात घेतला, बोटांचे घट्टे तपासले आणि विचारलं, "खेळ कोणता, साहेब?"

"तिकीट दाखवा."

"नेमबाजी आहे का?"

दंड भरून आले. पण त्या माणसाचे खांदे गोलंदाजाचे होते, यावर ते आजही ठाम आहेत.

आता मुख्य प्रकार. 2024 च्या नोव्हेंबरात जेद्दाहला लिलाव झाला आणि समस्तीपूरच्या तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला राजस्थाननं 1 कोटी 10 लाखांना घेतलं. त्या आठवड्यापासून कप्तानसाबांच्या दुकानात बाप येऊ लागले. तेरा वर्षांची मुलं असलेले आलेच, पण सहा वर्षांची असलेलेही आले, कारण अजून सात वर्षं हातात आहेत. शाहपूरकडचे एक केळीवाले शेतकरी मोटारसायकलवर पोराला पुढे बसवून आले. पोरगं अकराचं, डोळ्यांत झोप.

"कप्तानसाब, पोराले आयपीएलमधी टाकायचं."

शाळेत टाकायचं म्हणतात त्याच सुरात. कप्तानसाबांनी पोराला उभं केलं, मनगट दाबलं, पाय जुळवायला लावले. मग भाषण सुरू झालं. पाटीदार आला, पंडित आले, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर आले, ज्यांनी खाशाबा जाधवांना 1952 साली हेलसिंकीला पाठवायला आपलं घर गहाण टाकलं होतं. टेनिसवाले दोन सेटच्या मधे केळं खातात, तेव्हा केळीवाल्याचा पोरगा तर जन्मापासून तयारीत आहे, हाही मुद्दा निघाला. हार मानायची नाही, मागं पाहायचं नाही, शिक्षण-बिक्षण नंतर होतं. ओट्यावर जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. बापाची छाती फुगली आणि त्यानं शोकेसमधल्या सर्वात महागड्या इंग्लिश विलोकडे बोट दाखवलं.

इथं कप्तानसाबांनी पोराला ओट्यावरच्या पोरांबरोबर समोरून चहा आणायला पाठवलं. दुकान रिकामं झालं आणि आवाज उतरला.

"किती खोडं आहेत केळीची?"

"पाच हजार."

"भाव पडला तर?"

बाप गप्प.

"पोरगा सहावीत ना? गणितात किती?"

"त्यात बरा आहे तो."

"पाय भाऊ," कप्तानसाब म्हणाले, आणि बिलबुकाच्या मागच्या पानावर आकडे मांडले. "त्या लिलावाले 1,574 जणांनी नावं दिली होती. विकले गेले 182. राहिले किती?"

बापानं वजाबाकी केली नाही. कप्तानसाबांनी करून दाखवली. "1,392. आन् हे कोण? आपल्या गल्लीतले नाही, भो. आपापल्या राज्याचे वाघ. रणजी खेळलेले, परदेशातले. हे 1,392 जण सोमवारी सकाळी उठून काय करत असतील, ते मले माहीत आहे."

इंग्लिश विलो शोकेसमध्येच राहिली. कश्मीर विलोची साधी बॅट दिली, तीही वापरलेली. पहाटे साडेपाचला मैदानावर यायचं, सातला परत, आठला शाळेत. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात खेळ बंद. आणि पहिल्या दिवशी येताना मागच्या वर्षीचं गुणपत्रक आणायचं. बाप जरा हिरमुसला. पण चहा घेऊन पोरगं आणि त्याच्यामागून टाळ्यावाली मंडळी परतली, तशी कप्तानसाबांचा आवाज पुन्हा चढला: "मागं पाहायचं नाही! काय?"

ही दोन आवाजांची भानगड ओट्यावरच्या कोणालाच ठाऊक नाही असं नाही. पण त्यावर कोणी बोलत नाही. मैदानावर पहाटे येणारी पोरं लिंबाच्या झाडाखाली आधी दप्तरं ठेवतात. ज्याचं दप्तर नाही त्याला नेट नाही. चुना कप्तानसाब स्वतः टाकतात, क्रीझ पट्टीनं मोजून. पोरांना धावा घेताना ओरडायची सवय नसते, हाताच्या खुणा करतात, कारण गल्लीत खेळताना लूमच्या खडखडाटात 'नो' ऐकू येत नाही. बुधवाऱ्यातली पोरं बाहेरगावी हटकून धावबाद होतात ती याचमुळे, आणि ही सवय मोडायला कप्तानसाब त्यांना अर्धा तास नुसतं एकमेकांच्या नावानं ओरडायला लावतात. आजूबाजूच्या घरांतून रोज तक्रार येते.

त्यांच्या हाताखालून आजवर भारताचा खेळाडू निघालेला नाही, रणजीचाही नाही. एकजण क्रीडा कोट्यातून रेल्वेत चिकटला. तो गणवेशात भेटायला आला तेव्हा कप्तानसाबांनी त्याचीही बोटं तपासली. दोघं पोलिसात आहेत. एक पोरगी बीपीएड करून खंडव्याकडे शाळेत खेळाची शिक्षिका झाली. बाकीचे लूमवर, केळीच्या वखारीवर, पुण्यातल्या कंपन्यांत. सगळ्यांना ग्रिप चढवता येते. ट्रायलमधून नापास होऊन परतलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी साडेपाचला मैदानावर यावंच लागतं, पण त्या दिवशी त्याला बॅट मिळत नाही. चुन्याची बादली मिळते. सांत्वनाचं एक वाक्य कप्तानसाब बोलत नाहीत. एरवी वाक्यांची त्यांच्याकडे टंचाई नसताना.

मामाची खरी गोष्ट काकूंनी सांगितली, तीही कप्तानसाब घरात नसताना. ट्रायलचा दिवस आणि मुलगी पाहायचा दिवस एक नव्हताच. ट्रायल आधी झाली. हे तिथं गेले, नेटमध्ये उभे राहिले, चांगले खेळले. खेळून बाहेर आले आणि शेजारच्या नेटमध्ये दुसऱ्या एका मुलाला खेळताना बराच वेळ पाहत थांबले. मग किट उचललं, रात्रीच्या बसनं परतले. सकाळी आईला म्हणाले, मी लूमवर जातो, धाकटीची फी भरायची आहे. गुडघा बरा होता, मामा त्या वेळी गावातच नव्हता आणि इंदूरवाल्यांनी यांना राखीव म्हणून घेतलंही होतं. यांनीच परत जायचं नाही म्हणून सांगितलं. "एका रात्रीत सोडलं यांनी," काकू म्हणाल्या. "कुरकुर नाही, दारू नाही, कोणावर राग नाही. माझ्या बाबांनी तेवढं ऐकूनच स्थळ पक्कं केलं."

तर हार मानू नका म्हणून सगळ्या गावाला सांगणाऱ्या या गृहस्थानं स्वतः वेळेवर, नेमकी आणि व्यवस्थित हार मानली, आणि त्यावर घर उभं केलं, बहीण शिकवली, दुकान चालवलं. आमच्या मते बुधवाऱ्यात एवढा उत्तम खेळलेला डाव दुसरा नाही. पण हे त्यांना सांगायची सोय नाही. सांगितलं तर ते दोन्ही गुडघ्यांनी लंगडतील.

आपला मुलगा किंवा मुलगी पुढचा पाटीदार, पुढची स्मृती मंधाना आहे असं आपल्याला वाटत असेल, तर अवश्य बुधवाऱ्यात या. दुकान सकाळी दहाला उघडतं, मैदान साडेपाचला. भाषण पूर्ण ऐकून घ्या, टाळ्या वाजवा, मामाबद्दल हळहळ व्यक्त करा. महागडी बॅट मागू नका, मिळणार नाही. आणि गुणपत्रक आणायला विसरू नका. झेरॉक्स चालत नाही.